रविवारची उपासना आणि आठवड्याची सेवा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी वेळेची मांडणी

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्याने येऊ लागलेल्या माणसाचा पहिला महिना बहुधा छान जातो. दुसऱ्या महिन्यात एक रविवार पाहुण्यांमुळे बुडतो, एक ऑफिसच्या कामामुळे. तिसऱ्या महिन्यात रस्त्यात पाळक (मंडळीचे धर्मगुरू) दिसले की नजर चुकवावीशी वाटते. आपली श्रद्धाच कमी पडली, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कमी पडलेली असते ती शनिवार संध्याकाळची तयारी आणि घेतलेल्या कामाचा तासांतला हिशेब. या दोन्ही गोष्टी शिकता येतात.

खाली उपासना म्हटलं आहे तिथे कॅथलिक वाचकांनी मिस्सा समजावं. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीतल्यांनी रविवारऐवजी शनिवार धरावा. त्यांचा शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे तयारीही एक दिवस अलीकडे ओढावी लागते.

१. आधी उपासनेचा खरा वेळ मोजा

फलकावर "सकाळी ९ ते १०.३०" असं लिहिलेलं असतं, म्हणून आपण डोक्यात दीड तास धरतो. आता कागदावर मांडून बघा. आवरायला ४५ मिनिटं, जायला ३०, थोडं आधी पोचायला १५, उपासना ९०, नंतर दारात भेटीगाठी ३०, परतीला ३०. बेरीज २४० मिनिटं, म्हणजे सरळ चार तास. आठवड्याच्या १६८ तासांत हे जड नाही. पण दीड तास धरून ११ वाजता दुसरं काम ठरवलं असेल तर शेवटच्या गीतापासूनच घड्याळाकडे डोळे लागतात, आणि दोन-तीनदा असं झालं की "रविवारी फार धावपळ होते" ही सबब तयार होते.

प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) दिवशी २० ते ३० मिनिटं वाढवून धरा. अनेक मंडळ्यांत ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. तुमच्याकडे कधी असतं ते विचारून घ्या. बाप्तिस्मा (मंडळीत प्रवेशाचा जलविधी), दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी) किंवा मंडळीची वार्षिक सभा असेल तर तो रविवार दुपारपर्यंत गेला असंच समजा.

२. एकच वेळ ठरवा आणि तिला चिकटून राहा

दोन उपासना होत असतील तर शक्यतो पहिली घ्या. सकाळी काही आडवं यायला वेळच मिळत नाही. दिवस जसा चढतो तसे फोन, पाहुणे, राहिलेली कामं गोळा होतात. "सकाळी नाही जमलं तर संध्याकाळी जाऊ" हा विचार सोयीचा वाटतो आणि त्यातच दोन्ही उपासना बुडतात. मुलं असतील तर संडे स्कूल कोणत्या उपासनेच्या वेळी भरतं ते आधी बघा आणि आपली वेळ त्याप्रमाणे ठरवा. एकाच वेळी नेमाने जाण्याचा दुसरा फायदा म्हणजे तीच माणसं दर आठवड्याला भेटतात. तुम्ही आला नाहीत तर कुणाच्या तरी लक्षात येतं, आणि नव्या माणसाला टिकवून ठेवायला याचा फार उपयोग होतो.

पाळीची नोकरी असणाऱ्यांना, म्हणजे रुग्णालय, सुरक्षा, वाहतूक, हॉटेल अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना, दर रविवार मोकळा मिळत नाही. त्यांनी महिन्याचं वेळापत्रक हाती पडल्या दिवशीच चारही रविवारांवर खूण करावी: कोणत्या दिवशी सकाळी जमेल, कोणत्या दिवशी संध्याकाळी, कोणत्या दिवशी नाहीच. सुट्टीची अदलाबदल मागायची तर दोन आठवडे आधी मागा आणि बदल्यात स्वतः काय देणार ते त्याच वाक्यात सांगा: "१४ तारखेच्या रविवारी माझी सकाळची पाळी तुम्ही घ्याल का? शनिवारची तुमची रात्रपाळी मी करतो." आदल्या रात्री फोन करणाऱ्याला कोणी मदत करत नाही, आणि केली तरी एकदाच करतं. कॅथलिकांसाठी आणखी एक वाट आहे: १९८३ च्या धर्मसंहितेतल्या कलम १२४८ नुसार शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला हजर राहिलं तरी रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं.

सुट्टीचा रविवार ही तशी उशिराची सोय. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये रविवार विश्रांतीचा दिवस ठरवला. त्याआधी, इ.स. ११२ च्या सुमारास, रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक ठराविक दिवशी उजाडण्यापूर्वी एकत्र जमतात अशी नोंद केली आहे. कामाच्या दिवशी उपासनेला वेळ काढण्याची अडचण मंडळीइतकीच जुनी आहे.

३. शनिवारी संध्याकाळी अर्धा तास

रविवार सकाळ बिघडते ती बहुधा एका बारीकशा गोष्टीने. मुलाचा एक बूट पलंगाखाली असतो, इस्त्रीच्या वेळी वीज जाते, दानार्पणासाठी सुटे पैसे नसतात. घरातून निघता निघता आवाज चढतात आणि तोच राग घेऊन माणूस बाकावर बसतो. त्यापेक्षा शनिवारी संध्याकाळी अर्धा तास काढून एवढं करा.

सगळ्यांचे कपडे, मोजे, बूट एका जागी काढून ठेवा. खरोखर काढून ठेवा, "कपाटातच आहेत" यावर जाऊ नका. पिशवीत पवित्र शास्त्र (बायबल), गीतपुस्तक, चष्मा, वही-पेन, पाण्याची बाटली भरा. दानार्पणाची रक्कम पाकिटात घालून पाकीट त्याच पिशवीत टाका. ही रक्कम महिन्याच्या सुरुवातीलाच ठरलेली असेल तर दर आठवड्याला त्यावर विचार करत बसावं लागत नाही. गाडीत पेट्रोल आहे का ते बघून घ्या. उद्याचे शास्त्रपाठ माहीत असतील तर एकदा वाचा. दहा मिनिटं पुरतात. अनेक मंडळ्या तीन वर्षांच्या चक्रातली पाठसूची वापरतात, त्यामुळे कोणत्या रविवारी काय वाचलं जाणार हे आधीच ठरलेलं असतं. पाठ एकदा नजरेखालून गेला असेल तर प्रवचन दुप्पट कळतं.

मग वेळ उलटी मोजा. उपासना ९ ला असेल तर ८.४५ ला बाकावर, म्हणजे ८.१५ ला दाराबाहेर, ७.३० ला आवरायला सुरुवात आणि ७ ला गजर. गजर ७ चा तर झोप ११ च्या आत. शनिवारी रात्री उशिरापर्यंत सिनेमा बघायचा आणि सकाळी उपदेशात डुलक्या काढायच्या, यात पाळकांचा दोष नसतो. कॅथलिकांनी ख्रिस्तशरीर (प्रभुभोजनाची भाकर) स्वीकारण्यापूर्वी एक तासाचा उपवास धरून नाश्त्याची वेळ ठरवावी. पाणी आणि औषध चालतं.

आधीची १५ मिनिटं कापायचा मोह होतो, पण तीच राखा. नेमक्या वेळेला धावत येणारा माणूस पहिल्या दोन गीतांत फक्त श्वास सावरत असतो.

४. रोजची पंधरा मिनिटं

रविवारची सवय बसली की मगच याला हात घाला, साधारण चौथ्या आठवड्यापासून. दोन मिनिटं शांत बसणं, आठ मिनिटं एक अध्याय, पाच मिनिटं प्रार्थना. सुरुवातीला एवढं भरपूर. तासभराचा संकल्प करणारे बहुधा आठवड्याभरात थकतात.

वाचनाचा क्रम महत्त्वाचा. नवा वाचक उत्साहाने बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करतो. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय झाले की समोर लेवीय हे तिसरं पुस्तक उभं राहतं, आणि यज्ञबलींच्या नियमांत तो जो अडकतो तो परत येत नाही. मार्कपासून, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्रापासून, सुरू करा. १६ अध्याय आहेत, वेगाने पुढे जाणारं लेखन आहे. आठवड्याला पाच अध्याय धरले तर तीन आठवडे आणि एका दिवसात संपतं. मग लूक, प्रेषितांची कृत्ये, योहान. संपूर्ण नव्या करारात (बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात) २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच या गतीने बरोबर ५२ आठवडे लागतात. पाचच धरायचे, कारण उरलेले दोन दिवस बुडालेलं भरून काढायला ठेवायचे. त्याहून जास्त राहिलं तर सोडून द्या आणि आजच्या अध्यायापासून पुढे चला. थकबाकीचे सहा अध्याय एका बैठकीत उरकणं म्हणजे वाचन नव्हे.

वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोज होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा: अंघोळीनंतर लगेच, मुलं शाळेत गेल्यावर, ऑफिसला पोचल्यावर संगणक सुरू करण्याआधी. शास्त्र शक्यतो छापील वापरा. मोबाइलवर वाचायला काहीच हरकत नाही, पण अध्यायाच्या मधोमध संदेश टपकतो आणि पंधरा मिनिटांतली दहा तिथे जातात. मोबाइलच वापरायचा असेल तर तेवढा वेळ इंटरनेट बंद करून बसा.

प्रार्थनेत मन भरकटतं ही प्रत्येकाचीच तक्रार. एका छोट्या वहीत नावं लिहा, रोज तीन-चार घ्या. भरकटताना आठवलेली कामं त्याच वहीच्या मागच्या पानावर टाका. लिहिलं की डोक्यातून उतरतं.

५. आठवड्याच्या मध्ये एकच सभा

प्रार्थना सभा, शास्त्राभ्यास, गृहसभा, तरुण संघ, महिला मंडळ, उपवास-प्रार्थना: मोठ्या मंडळीत आठवड्याचे सातही दिवस काही ना काही असतं. नव्या माणसाला सगळीकडून आग्रहाचं बोलावणं येतं, आणि तो सगळीकडे जातो. एकच निवडा. माझा कल गृहसभेकडे आहे, कारण दहा-बारा माणसांत प्रश्न विचारता येतो आणि नाव लक्षात राहतं. कोणती निवडावी कळत नसेल तर घराच्या सर्वांत जवळची घ्या. पावसात, थकलेल्या संध्याकाळी, जवळचीच टिकते.

गृहसभा ७.३० ला म्हणतात आणि ८ ला सुरू होते, ९ च्या ठिकाणी १० ला संपते. तुम्हाला ९.१५ ला निघायचं असेल तर सुरुवातीलाच यजमानांना सांगा, दाराजवळ बसा आणि त्या वेळी शांतपणे उठा. कोणाला वाईट वाटत नाही.

६. सेवा: तीन महिन्यांनी, एकच, आणि हिशेब विचारून

खरी गडबड इथे होते. गोड गळ्याचा, शिकलेला किंवा नुसता उत्साही माणूस दिसला की मंडळी त्याच्यावर कामं टाकते. वर्षभरात तो गायनवृंदात, संडे स्कूलमध्ये आणि दोन कमिट्यांवर असतो. दीड वर्षात दिसेनासा होतो.

पहिले तीन महिने काहीच घेऊ नका, फक्त या. मग एक सेवा घ्या, आणि घेण्यापूर्वी हे विचारा: तयारीसकट आठवड्याला किती तास? दर रविवारी की पाळीपाळीने? किती महिन्यांसाठी? मी नसेन तेव्हा कोण? आणि शिकवणार कोण? शेवटच्या दोन प्रश्नांना नीट उत्तर मिळत नसेल तर समजा की आधीचा माणूस थकून गेला आहे आणि त्याची जागा भरायची घाई आहे.

अंदाज यावा म्हणून काही आकडे. मंडळीनुसार थोडे इकडेतिकडे होतील. गायनवृंदात आठवड्याला दीड ते दोन तासांचा सराव आणि रविवारी पाऊण तास आधी हजेरी. नाताळ आणि पुनरुत्थान दिनाच्या (ईस्टरच्या) आधीच्या महिन्यात हे दुप्पट होतं. दारात स्वागताला अर्धा तास आधी यावं लागतं, तेही पाळीने. नव्यांसाठी सर्वांत सोपी सेवा हीच, आणि सगळ्यांची नावं महिन्याभरात पाठ होतात. ध्वनियंत्रणा किंवा पडद्यावरची गीतं सांभाळायची तर शनिवारी तासभर आणि रविवारी सर्वांत आधी येणं, सर्वांत शेवटी जाणं. आजाऱ्यांची भेट २० मिनिटांची, पण जाण्यायेण्यासह दीड तासाची. दिवसाला एक पुरे. दानार्पण मोजायला अर्धा ते पाऊण तास. ते काम कधीही एकट्याने करू नका: एका घरातली नसलेली दोन माणसं, दोघांच्या सह्या.

संडे स्कूलच्या शिक्षकाचा तास ४५ मिनिटांचा असला तरी तयारीला तासभराहून जास्त लागतो. ती शनिवारी रात्रीवर ढकलली की तिचे दोन तास होतात, कारण तेव्हा रंगीत कागद संपलेले असतात आणि मुलांना विचारायचा एक प्रश्न सुचत नसतो. तीन तुकडे करा. सोमवारी किंवा मंगळवारी १५ मिनिटं, फक्त उतारा वाचायचा. बुधवारी अर्धा तास, गोष्ट कशी सांगायची आणि कोणते तीन प्रश्न विचारायचे ते लिहायचं. शुक्रवारी २० मिनिटं, चित्रं-कागद-कात्री जमवायची. मधल्या दिवसांत उतारा डोक्यात घोळत राहतो आणि निम्मी तयारी चालता-फिरता होते.

या सेवेत एक धोका आहे. वर्ग उपासनेच्या वेळीच भरत असेल तर शिक्षक महिनोन्महिने उपदेश ऐकत नाही, प्रभुभोजनालाही मुकतो. दुसऱ्या उपासनेला बसणं हा एक उपाय. एक महिना शिकवणं आणि एक महिना बसणं हा त्याहून चांगला. समन्वयकांशी हे आधीच ठरवून घ्या.

नाही म्हणायलाही शिकावं लागतं. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सगळ्यांसमोर विचारलं तर तिथल्या तिथे होकार देऊ नका. "पाळकसाहेब, घरी बोलून गुरुवारी फोन करतो" एवढं पुरतं. गुरुवारी मात्र फोन करा. नकार असेल तर कारणांची माळ नको: "सध्या रविवारचं स्वागत माझ्याकडे आहे. ते सहा महिने नीट करतो, मग बघू." कामं वाटून घेण्यात श्रद्धेची कमतरता नसते. इथ्रोने आपल्या जावयाला, मोशेला, निर्गमाच्या १८ व्या अध्यायात हेच सुनावलं, आणि प्रेषितांनीही (येशूने निवडलेल्या शिष्यांनीही) वाढपाची सेवा सात जणांकडे सोपवली (प्रेषितांची कृत्ये ६).

७. घरच्यांचा वेळ

जोडीदार मंडळीत येत नसेल तर सर्वांत महत्त्वाची वेळ परतीची. "साडेअकराला येते" असं सांगितलं असेल तर साडेअकराला घरात असा. चार वेळा पाऊण तास उशीर झाला की पाचव्या रविवारी निघतानाच वाद होतो, आणि त्यात चूक घरच्यांची नसते. भेटीगाठींचा अर्धा तास त्या दिवसांत पंधरा मिनिटांवर आणा. रविवारची दुपार पूर्णपणे घराला द्या. मंडळीच्या कमिटीच्या बैठका त्या दुपारी घेण्याची सवय फार ठिकाणी आहे, तिला महिन्यातून एकदाच होकार द्या. "शब्बाथ मनुष्यासाठी झाला" हे मार्क २:२७ मधलं वचन थकलेल्या सेवकांनाही लागू आहे.

लहान मुलं असतील तर कडेच्या बाकावर बसा, उठून बाहेर जाता येतं. घरची कौटुंबिक प्रार्थना दहा मिनिटांच्या वर नेऊ नका: एक गीत, पाच-सहा वचनं, प्रत्येकाची एकेक ओळीची प्रार्थना. परीक्षेच्या दिवसांत मुलांना मधल्या सभेतून सूट द्या, रविवारी मात्र बरोबर न्या. दीड तासाने गुण कमी होत नाहीत.

८. वर्षातले जड आठवडे

नवं कॅलेंडर आलं की आगमनकाळाचे (नाताळाआधीचे) चार रविवार, राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि पवित्र सप्ताह (पुनरुत्थानाच्या रविवारआधीचा आठवडा) यांवर खुणा करा. नाताळ ठरलेल्या तारखेला येतो. पुनरुत्थानाचा रविवार मात्र २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा असतो, म्हणून पाश्चात्त्य परंपरेत तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कुठेही येतो; अनेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या जुन्या ज्युलियन गणनेने चालतात आणि त्यांची तारीख पुष्कळदा नंतरची असते. राखेचा बुधवार त्या रविवारच्या ४६ दिवस आधी. त्यातले सहा रविवार वगळले की उपवासकाळाचे ४० दिवस होतात. पवित्र गुरुवार आणि शुभ शुक्रवारची रजा जानेवारीतच मागून ठेवा. त्या सप्ताहात गृहसभा आणि कमिट्या बंद ठेवणारी मंडळी शहाणी.

९. बुडलं तर

एक रविवार बुडला तर काही करू नका, पुढच्या रविवारी जा. लागोपाठ दोन बुडाले तर मंडळीतल्या एका ओळखीच्या माणसाला फोन करून "या रविवारी येतोय, माझ्यासाठी जागा धरा" असं सांगा. तिसरा रविवार घातक असतो, कारण तेव्हा न जाण्याची सवय लागते आणि वर लाजही वाटू लागते. इब्री लोकांस पत्रात (१०:२५) एकत्र मिळणं सोडण्याची काहींची चाल पडली होती असा उल्लेख आहे, म्हणजे हा रोग पहिल्या शतकापासूनचा. आजारपणात ऑनलाइन उपासना चांगली. बरं वाटल्यावरही तीच चालू राहिली तर माणसं तुटतात. दीर्घ आजार किंवा म्हातारपण असेल तर पाळकांना किंवा फादरना घरी प्रभुभोजन देण्याची विनंती करा. ही त्यांची नेहमीची सेवा आहे, संकोच नको.

आठवडा अगदीच कोलमडला तर सोडण्याचा क्रम आधीच ठरलेला असू द्या: प्रथम जादा बैठका, मग मधली सभा, मग बदली माणूस देऊन सेवा. रविवार आणि रोजची पाच मिनिटं शेवटपर्यंत धरून ठेवा. महिना-दोन महिन्यांच्या खंडानंतर परतलात तर सेवा पहिल्याच रविवारी परत मागू नका. दोन रविवार नुसते बसा, तिसऱ्या आठवड्यात समन्वयकांशी बोला, आणि तोवर बदली आलेल्या ताईंना किंवा भावांना काम करू द्या. कदाचित ते त्यांनाच जास्त जमत असेल, आणि तुमच्यासाठी दुसरं काही शोधावं लागेल.